जुमानच्या रक्तातली थोराड बया

मी एक प्लेटलेट बोलतेय. जखम झाली की धावत जायचं, तिथं चिकटायचं आणि एकमेकींना धरून रक्ताला बूच मारायचं, हे आमचं खानदानी काम. मी अंगानं चांगली दांडगी, चारचौघींत उठून दिसणारी. पण चिकटायला जो हात लागतो, तोच मला जन्मापासून नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

जॉर्डनमधल्या करक गावी, सहा वर्षांच्या जुमानच्या हाडांत माझा जन्म झाला. तिच्या रक्तात आम्ही मुळात थोड्या, त्यात सगळ्याच माझ्यासारख्या. तिचा घोळणा सारखा फुटायचा, पायांवर निळे डाग उमटायचे. मोजणीचं यंत्र तर आमचा आकार बघून आम्हाला प्लेटलेट मानायलाच तयार नसे. डॉक्टरांना वाटलं, पोरीचं शरीरच प्लेटलेट खातंय. वर्षभर स्टिरॉइडच्या गोळ्या खाऊन तिचं तोंड फुगलं. आता येत्या रविवारी पोट उघडून, प्लेटलेट जिथं खाल्ल्या जातात ती प्लीहाच काढायची होती. माझं आयुष्य आठवडाभराचं. ही सगळी माहिती थोरल्या बहिणींकडून ऐकलेली.

गुरुवारी जुमानचा दुधाचा दात हलू लागला. आजी, म्हणजे हज्जा नौफा, दोरा घेऊन हजर.

"आजी, आई नको म्हणालीय."

"तुझ्या आईला काय कळतंय? ऊन आहे तोवर दात सूर्याकडं फेकायचा. म्हण, गाढवाचा दात घे, हरणाचा दे!"

हिसका बसला. दात गच्चीवरून उडाला आणि हिरडीतून रक्ताची धार लागली.

मी धावले. टेकले, घसरले. पुन्हा टेकले, पुन्हा घसरले. मागून येणाऱ्या बहिणींचीही तीच गत. जुमानची आई अबीर टॉवेलमागून टॉवेल भिजवत रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यात डॉक्टर सिरीन नावाची तरुण बाई होती. तिनं औषधात भिजवलेला बोळा हिरडीवर दाबला, तपासायला रक्त ओढलं आणि दुसऱ्या कुणाच्या प्लेटलेट चढवायला सांगितल्या. ओढलेल्या रक्तात मीही गेले.

"नवरा नात्यातला का?" तिनं अबीरला विचारलं.

उत्तर हज्जानं दिलं, तेही ताठ मानेनं. "सख्ख्या काकाचा मुलगा! आमच्या घरात बाहेरचं रक्त येत नाही, बाई."

"मग घरातलं रक्तच बघू या."

तिनं एक थेंब काचेवर पसरला, जांभळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग हज्जालाही त्यातून बघायला बोलावलं.

"अगं बाई, केवढी ही! मग काम का करत नाही?"

"जन्मतःच अधू आहे. अर्धा दोष आईकडून, अर्धा बापाकडून. पक्की तपासणी अम्मानला करू, पण प्लीहा काढून हे बरं होणार नाही. रविवारचं ऑपरेशन मी थांबवायला सांगते. रक्त वाहिलं की आजच्यासारख्या दुसऱ्याच्या प्लेटलेट द्यायच्या, आणि एरवी पोरीला जपायचं."

हज्जा सुनेकडं वळली. "अबीर, हे लग्न मीच जुळवलं गं."

"मीही हो म्हणाले होतेच ना, काकू."

तिकडं परक्या चिमुकल्या प्लेटलेटींनी हिरडीवर बूच मारलं होतं. बोळा तोंडात धरून जुमान म्हणाली, "मग रविवारी माझं पोट नाही कापणार?"

"नाही गं," म्हणत अबीरनं तिला छातीशी धरलं.

आता मी काचेवर वाळून पडलेय. आयुष्यात एकही जखम बुजवली नाही मी. पण पोरीच्या पोटावरची एक होऊ दिली नाही.