उजव्या हाताची चव

शिंपीणबाईचं आज शिवणात लक्ष नव्हतं. एकच बाही दोनदा उलटी जोडून झाली, दोनदा उसवून झाली. सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई एप्रनचं माप द्यायला आल्या होत्या, तेव्हा तिने सहज विचारलं होतं, "आमचा गुंड्या बाबांचा हात सारखा चाटतो. कुत्री चाटतात कशाला हो?"

"लाडात आली की चाटतात, भ्यायली की चाटतात, कंटाळली तरी चाटतात. हा केव्हा चाटतो?"

"जेवणानंतर. फक्त उजवा हात. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडत नाही."

"मग प्रेमाचं कौतुक जरा बाजूला ठेवा. हाताला चव लागत असेल."

बाई हसत गेल्या, पण हिच्या डोक्यात किडा सोडून गेल्या. बाबा तर चमच्याने जेवतात. तळहाताला चव कुठून येणार?

दोन महिन्यांत तिने बाबांचे सदरे दोनदा आत घेतले होते आणि दोन्ही वेळा खापर कापडावर फोडलं होतं. म्हणे धुऊन सैल पडतं! लोकांची मापं घेण्यात जन्म गेला आणि बापाच्या अंगाला टेप लावायचं काही सुचलं नाही. गुंड्याचा पट्टा मात्र तिनेच दोन भोकं सैल केला होता.

मशीन तसंच टाकून ती तडक घरी आली. ताट लख्ख रिकामं, बाबा खुर्चीत आणि गुंड्या त्यांच्या हाताला चिकटलेला. तिने बाबांचा हात उचलून नाकाशी धरला. दूधपावाचा वास आला.

"कधीपासून चाललंय हे?"

बाबांनी गुंड्याकडे पाहिलं. "सगळं पोटात घालतो, पण गोष्ट पोटात ठेवत नाही लेकाचा."

"बाबा."

"घास उतरत नाही गं. घशातच अडतो. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं."

"मग सांगायचं नाही?"

"तिच्या वेळी आठ महिने दुकान बंद ठेवलंस. सगळी गिऱ्हाइकं पांगली. आत्ता कुठे बस्तान बसतंय. म्हटलं, ढकलू थोडे दिवस."

तिला बापाचा असा संताप आला की धरून गदागदा हलवावं. तिने खांद्यावर हात ठेवला, तर सदऱ्याखाली नुसतं हाड लागलं. मग संतापाचं रडू झालं.

"चपला घाला. डॉक्टरकडे जायचंय, आत्ता."

"अगं, पण दुकान?"

"उघडंच टाकून आलेय," ती म्हणाली.