घरच्या कपड्यांतलं अक्षर

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. मागे जागा राहू द्या, उशिरा येणारेही असतात. तुम्हाला एका मोडलेल्या मनगटाची आणि अर्ध्या पाटीची गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, देव रागावत नाही.

मी एक ब्रशच्या वळणाचा फॉन्ट आहे. पोट जाड, शेपूट बारीक, आणि टोकाशी रंग संपत आल्यासारखा खरखरीत. जन्मलो संगणकात, पण माझं कूळ तिथलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणारी एक आत्या आहे, तिच्या हाताचा मी. देवाचं नाव घेऊन ती ब्रश बुडवायची. आधी अक्षरांची अंगं काढायची आणि डोक्यावरची रेघ अगदी शेवटी, सगळ्या शब्दावरून एका दमात. ती रेघ जाता जाता जराशी वर चढायची.

एकदा शेजारच्या बेकरीवाल्या काकूंची पाटी चालू होती. 'गोड' झालं, 'घास' राहिलं, आणि आत्या स्टुलावरून घसरली. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. दुकान तर परवा उघडायचं होतं. आत्याला दुखण्यापेक्षा दिलेल्या शब्दाची काळजी जास्त.

मग तिच्या भाचीने सरावाचे जुने कागद गोळा केले आणि संगणकावर मला घडवलं. पोरगी फार नीटनेटकी. तिने माझ्या कडा तासल्या, एकेका अक्षराला आपापली सरळ रेघ दिली. 'घास' छापून पाटीला लावलं. काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"दोन भावांनी दुकान वाटून घेतल्यासारखं दिसतंय गं," त्या म्हणाल्या.

आत्याला हसू आवरेना. "अगं, तू त्याला इस्त्री करून लग्नाला धाडलंस. माझं अक्षर घरच्या कपड्यांत असतं. आणि रेघ आधी कशाला? सगळी जमली, की मग डोक्यावर छप्पर घालायचं."

भाचीने माझा खरखरीतपणा मला परत दिला. सुट्या रेघा काढल्या आणि शब्द पुरा झाल्यावर वरून एकच चढती रेघ ओढायला शिकवलं. मित्रांनो, माझ्या अंगात वारं शिरलं! नवा 'घास' छापून, कागदाच्या पाठीला खडू फासून, वरून गिरवून तिने तो पाटीवर उमटवला आणि रंग भरला.

दुकान उघडायच्या सकाळी काकू पाटीपाशी थबकल्या आणि थेट आत्यावरच डाफरल्या, "असल्या हाताने वर चढलात? एक मनगट धड आहे, तेही मोडायचंय?"

आत्याने प्लास्टरमधला हात उचलून भाचीकडे केला.

आता मी निमंत्रणांवर, चहाच्या कपांवर, शाळेच्या फलकांवर बागडतो. फक्त औषधाच्या बाटलीवर मला बारीक करून बसवू नका. माझा जीव घुसमटतो आणि आजोबांना वाचता येत नाही. ओळीही गच्च भरू नका, हातपाय पसरायला जागा ठेवा.

आणि एक मागणं. आत्याने कुठल्याच पाटीवर सही केली नाही. मला वापराल तेव्हा क्षणभर तिची आठवण काढा. कुणी माझं कौतुक केलं, तर तेवढं तिच्या पदरात घाला.