हालदार गल्लीचा सिंह

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. पण मला नुसता नळ म्हणू नका हं, मी सिंहमुखी नळ आहे. ओतीव लोखंडाचं कमरेएवढं अंग, त्यावर आयाळ, मिशा आणि उघडा जबडा. हावड्याच्या भट्टीत मला ओतलं, तेव्हा कारागिराने माझ्या डाव्या मिशीला जरा जास्तच पीळ दिला. त्यामुळे मी कायम कुणावर तरी वैतागलेला दिसतो. खरं सांगायचं तर बरेचदा वैतागलेलाच असतो.

उत्तर कोलकात्यातल्या हालदार गल्लीच्या तोंडाशी मला उभं केलं. माझ्या जबड्यातून गंगेचं गढूळ पाणी धो धो वाहायचं. ते पिण्याचं नव्हे. रस्ते धुण्याचं, अंघोळीचं, भांड्यांचं. उजाडलं की लोक माझ्यासमोर साबण चोळत बसायचे, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि माझ्याच पाण्याने चूळ भरून कामाला जायचे. दुर्गापूजेच्या दिवसांत कुणीतरी मला सोनेरी रंग फासायचं. तो दिवाळीपर्यंतही टिकत नसे.

माझ्यासमोरच्या घराच्या कट्ट्यावर मंदिरा लाहिडी लहानाची मोठी झाली. चार वर्षांची असताना तिने माझ्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला होता. आत कोण राहतं ते तिला बघायचं होतं. आईने पाठीत धपाटा घातला, पण हिची भीड चेपलेलीच. त्या दिवसापासून रोज माझ्या पोटाला कान लावून ती आतली गुळगुळ ऐकायची.

पुढे ती विम्याच्या कचेरीत नोकरीला लागली आणि गोष्टी लिहू लागली. सकाळी कचेरीला जायच्या आधी मातीच्या कुल्हडात चहा घेऊन ती कट्ट्यावर बसायची आणि मांडीवरच्या पाटीवर कागद ठेवून भराभर लिहायची. तिच्या गोष्टींतली भुतं चिंचेच्या झाडावर राहत नसत. चिंचेची झाडं राहिलीत कुठे शहरात? तिची भुतं विजेच्या मीटरच्या पेटीत राहत, भाड्याच्या खोलीसाठी घरमालकाशी हुज्जत घालत, ट्रामच्या शेवटच्या बाकावर डुलक्या काढत. आणि शहरातले सगळे सिंहमुखी नळ जमिनीखालच्या पाइपांमधून एकमेकांशी बोलत. त्या सिंहांचा राजा कोण? अहो, मीच.

दरवर्षी पूजा विशेषांकात तिची गोष्ट छापून यायची आणि गल्लीत हलकल्लोळ माजायचा. कारण ती माणसं सगळी इथलीच उचलायची.

सगळ्यात आधी पारुलमासी यायची. नाक्यावर मासळी विकणारी, साठी उलटलेली, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसावीत. तिची नात कट्ट्यावर बसून गोष्ट मोठ्याने वाचायची आणि मासी सगळ्यांना ती ऐकायला लावायची.

"मंदिरा! यंदाही मला भूतच केलंस ना गं? आणि तेही माशांना हपापलेलं! मी काय मासे खाते, की विकते?"

"मासी, ती तू नाहीस."

"मी नाही? डाव्या गालावर मस, कमरेला चाव्या, आणि गिऱ्हाइकाला म्हणते, 'हात लावू नको, नजरेनं सडेल.' मग ती काय तुझी सासू आहे?"

बनमाली नुसता हसायचा. तो ओडिशातून आलेला पाणक्या. माझ्याकडून डबे भरून घराघरांत धुण्यापुसण्याचं पाणी पोचवायचा. मंदिराच्या गोष्टींत तो कधीच मरत नसे. नदीने ज्याला वर दिलाय असा अमर म्हातारा तो. "दिदी, अमर केलंत ते ठीक," तो म्हणायचा, "पण निदान गुडघे तरी तरुण द्यायचे होते."

एकदा वर्तमानपत्राचा माणूस मुलाखतीला आला. त्याने विचारलं, हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून? मंदिराने माझ्याकडे बोट दाखवलं. "या सिंहाच्या तोंडातून," ती म्हणाली. फोटोही निघाला. मित्रांनो, त्या दिवशी माझी मिशी आणखी वर गेली असेल. तिला ते खरं वाटलं, मलाही खरं वाटलं.

मंदिराला नोकरीतून निवृत्ती मिळाली, तेव्हा तिच्या मनात आलं की आता पूर्णवेळ लिहायचं. पण गल्लीत शांतता म्हणून नाही. तिने शहराच्या टोकाला, न्यू टाउनमध्ये, अकराव्या मजल्यावर घर घेतलं. नेमकं त्याच सुमारास गल्लीत नवी पाइपलाइन आली आणि जुनं गढूळ पाणी बंद झालं. पालिकेची माणसं मला उपटायला आली, तेव्हा मंदिरा धावत आली. साहेबांपुढे तिने हात जोडले. साहेब तिचे वाचक निघाले. मला पोत्यात गुंडाळून तिच्या गाडीत ठेवलं. भंगारात जाण्यापासून मी वाचलो. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

नव्या घरात माझ्यासाठी काचेचं कपाट होतं, त्यात छोटा दिवा होता. रंग खरवडून मला तेल लावलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोरडा आणि स्वच्छ होतो. समोर मंदिराचं टेबल. खिडकी बंद केली की खालच्या रस्त्याचा चकार शब्द वर येत नसे.

ती माझ्याकडे बघत बसायची. "बोल ना रे," म्हणायची.

मी काय बोलणार? माझ्या पोटातली गुळगुळ केव्हाच गेली होती. आठवडे गेले, महिने गेले. ती चार ओळी लिहायची, तीन खोडायची. कधी कपाट उघडून, लहानपणी लावायची तसा माझ्या पोटाला कान लावायची. तिच्या कानाची ऊब मला लागायची आणि फार वाईट वाटायचं. जिचा हात धरून मी राजा झालो, तिला द्यायला माझ्याकडे एक थेंब नव्हता.

कशीबशी तिने गोष्ट पुरी केली. त्यात एकटा सिंह काचेच्या उंच इमारतींवरून उडतो आणि चंद्राशी बोलतो. अंक निघाला. संपादक नीलाद्रीबाबूंचा फोन आला. ते भले गृहस्थ, फार जपून बोलले. पण गोष्ट जमली नाही, हे मंदिराला कळलं. मग तिने पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाली, "संपलं रे. माझ्यातलं आटलं सगळं. यापुढे नाही लिहायचं."

तिने लिखाणाचं सामान खोक्यात भरायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोक्याला दोरी बांधत होती, तेवढ्यात दार धडाधड वाजलं.

"घंटा आहे, मासी," बाहेरून बनमालीचा आवाज.

"असू दे. मला हात आहेत."

दार उघडलं. पारुलमासीच्या हातात पिशवी, पिशवीतून इलिश माशाची शेपटी बाहेर. खालच्या रखवालदाराशी भांडून आलेली, त्यामुळे तोंड आधीच तापलेलं.

"कुठाय मी?" आल्या आल्या तिने विचारलं.

"म्हणजे?"

"यंदाच्या गोष्टीत! नातीनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कट्टा भरला होता ऐकायला. मी नाही, हा बनमाली नाही, एक माणूस नाही! त्या तुझ्या शहरात बाजाराला कोण जातं गं? चंद्र?"

मंदिराला हसू आलं नाही. "मासी, दरवर्षी तूच भांडायचीस ना, मला भूत केलं म्हणून?"

"मग? भांडायला नको? तू मला घालायचीस म्हणून तर भांडायचे!" मासीचा आवाज एकदम खाली आला. "यंदा सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आम्ही मेलो की काय तुझ्यासाठी."

बनमाली जमिनीकडे बघत म्हणाला, "दिदी, मी तर अमर होतो."

मंदिरा मटकन खाली बसली आणि रडू लागली. मासीने तिला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं आणि थोपटता थोपटता तिची नजर माझ्यावर पडली.

"अगंबाई! याला इथं कोंडलंयस होय? बघ कसा दिसतोय, आजाऱ्यासारखा!" तिने कपाट उघडलं आणि पदराने माझं तोंड खसाखसा पुसलं. पदराला माशाचा वास होता. किती दिवसांनी, मित्रांनो, किती दिवसांनी!

मग इलिश मोहरीत घालायचा की तळायचा, यावरून बनमालीची आणि तिची जुंपली. "ओडिशात माशाची चव कळते कुणाला?" "कळते म्हणून तर तुमच्याकडून घेत नाही!" स्वयंपाकघर दणाणून गेलं. मंदिराने डोळे पुसले. खोक्याची दोरी सोडली. आतून पेन काढलं आणि ओट्याला टेकून, उभ्या उभ्याच, मासळीच्या पुडक्याच्या कागदावर लिहू लागली. मी कपाटातून बघत होतो. तिला माझ्याकडे बघायची आठवणसुद्धा झाली नाही आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

पुढच्याच रविवारी तिने मला हालदार गल्लीत परत नेलं. गवंड्याने मला कट्ट्याच्या कडेला, नव्या स्टीलच्या नळाशेजारी सिमेंटात बसवलं. माझ्या तोंडातून आता पाणी येत नाही. पण लोक शेजारी बसून साबण चोळतात आणि पूर्वीसारखेच भांडतात. मंदिरा बसने येते, कट्ट्यावर बसते, लिहिते. खिडकी बंद करावी असं इथे काही नाहीच.

परवा पारुलमासीच्या पणतीने माझ्या पोटाला कान लावला. "काहीच ऐकू येत नाही," ती तोंड वाकडं करून म्हणाली.

मंदिराने मान वर केली. "मग तूच सांग त्याला काहीतरी," ती म्हणाली.

आणि त्या पोरीने सांगितलं! आईने मारलेलं, मांजराने पळवलेला मासा, सगळं माझ्या कानात.

तर मित्रांनो, माझं एवढंच ऐका. जे तुम्हाला आवडतं त्याला काचेत ठेवू नका रे. त्याला चार माणसांत राहू द्या. त्याच्यावर साबण सांडू दे, त्याच्या मिशीला कुणी पंचा वाळत घालू दे. यंदाचा अंक कालच निघालाय. पारुलमासी पुन्हा भूत झाली आहे आणि सकाळपासून गल्लीभर बोंब मारते आहे. बोंब मारता मारता तिने माशांची टोपली माझ्या डोक्यावर ठेवली आहे आणि न्यायला विसरली आहे. वास येतोय. येऊ दे.