छातीइतके खड्डे

माझी धाकटी बहीण पेत्रा जन्मली ते साल १८४६. तिच्या बाप्तिस्म्याच्या आठवड्यातच नदीपलीकडे अमेरिकेची फौज येऊन उतरली. आमचं मातामोरोस गाव अलीकडच्या, मेक्सिकोच्या काठावर. फौज कशाला आली, यावर रोज वाद. पाद्री म्हणत, हद्दीसाठी. माझा बाप अन्सेल्मो विटा भाजायचा. तो म्हणे, भांडतील, दमतील, जातील.

आई, देल्फिना, या वादात पडत नसे. नऊ वर्षांपूर्वी ती टेक्सासातल्या कापसाच्या मळ्यातून पळाली होती, नदी पोहून इकडे आली होती. इकडे गुलामी नव्हती.

एप्रिल संपत आला होता. आम्ही काठावर धुणं धूत होतो. पलीकडे एक अधिकारी घोड्यावर बसून होता आणि त्याचा काळा नोकर खणत होता. शिपायांचे चर नदीला लागून होते. हा खड्डा मागे, मोकळ्या रानात, छातीइतका खोल. मग दुसरा. अधिकारी खाली उतरला, तळाची माती चुरून त्यानं हुंगली.

आईनं चादर न पिळताच पाटीत टाकली. अधिकारी पुढे गेल्यावर नोकर पाणी प्यायला खाली आला, तेव्हा तिनं त्याला मळ्यावरच्या आपल्या जुन्या इंग्रजीत हाक मारली. तो काय म्हणाला ते तिनं घरी सांगितलं. काळी माती किती खोल जाते, ते मालकाला पाहायचं होतं. मालकाच्या पेटीत सरकीची पिशवी होती.

बाप म्हणाला, "अगं, हद्दीचं भांडण आहे ते. पाद्री शिकलेले आहेत."

"पाद्रींनी कापूस वेचलाय कधी? हद्दीसाठी आलेला माणूस एवढी माती उकरत नाही. त्यांना जमीन पाहिजे, आणि ती कसायला आम्ही."

"तू आता माझी बायको आहेस."

"त्यांच्या कागदात मी गुलाम. आई गुलाम तर लेकरंही गुलाम. ही पेत्रासुद्धा."

भट्टी पेटलेली होती. अजून चार दिवस सोडता येत नव्हती. विटा निघू देत, मग सगळेच जाऊ, असं बाप समजावत राहिला.

"तुम्ही मागून या," आई म्हणाली. "मी थांबत नाही."

त्यानं स्वतःच खेचरावर ओझं बांधलं. "ही बाई खेचरालासुद्धा विचारत नाही, मला काय विचारणार," असं पुटपुटत पेत्राला आईच्या पाठीशी घट्ट बांधून दिलं. दुपारच्या उन्हातच आम्ही दक्षिणेची वाट धरली.

चौथ्या दिवशी पलीकडून गावावर तोफगोळे पडले. माझा बाप अन्सेल्मो ३ मे १८४६ रोजी भट्टीपाशी मेला. आई देल्फिना मार्च १८८३ मध्ये सान फेर्नांदो गावी, स्वतःच्या खाटेवर वारली.