दीड मिनिट

बोलती डबी त्यांनी तिसऱ्यांदा उघडली. उपयोग नाही हे पहिल्यांदाच कळलं होतं. पण लेकीला "काम चालू आहे" असं सांगायचं, तर डबी निदान उघडी दिसायला हवी.

डबी त्यांच्याच हातची. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आखले, आणि निवृत्त झाल्यावर ही एक बायकोसाठी केली. ती अंथरुणाला खिळलेली, बोटं लिहायला वळत नव्हती. बटण दाबून बोललं की बोलणं आत राहायचं.

ते राहायचं फ्लॅश चिपमध्ये. पुन्हापुन्हा लिहून-खोडून ती चिप झिजते. म्हणून त्यांनी बेत असा केला: बोलणं आधी तात्पुरत्या मेमरीत धरायचं, दोन मिनिटांचं भरलं की एकदम चिपमध्ये उतरवायचं. तात्पुरतं ते वीज असेपर्यंतच. वीज गेलीच, तर उतरवण्यापुरता दम धरायला वीज साठवणारा एक मोठा कपॅसिटर लागतो. तो त्यांनी लावलाही होता. पण अंगठ्याएवढा असल्यानं डबीचं झाकण फुगायचं.

"जाड असली तरी चालेल हो," बायको म्हणाली होती. "मी काय ती मिरवायला नेणार आहे?"

"तुला त्यातलं कळत नाही," म्हणून त्यांनी तो काढला. डबी साबणाच्या वडीसारखी चपटी झाली. आपल्या बेतानं चिप वीस वर्षं टिकेल, असंही ऐकवलं.

"म्हणजे माझ्यापेक्षा बरीच," ती म्हणाली, आणि दोघं हसले.

शेवटच्या सकाळी तिनं लेकीला फोनवर सांगितलं, तुझ्यासाठी डबीत बोलून ठेवलंय. तासाभरानं तिला धाप लागली. पलंगाजवळ सॉकेट एकच. त्यांनी डबीची पिन उपटली आणि ऑक्सिजनच्या मशीनची लावली.

त्याला आता दोन महिने झाले होते. दुपारी लेक आली, टेबलापाशी बसली.

"बाबा, आमच्या ऑफिसात एकजण गेलेला डेटा काढून देतो. त्याच्याकडे देऊ का? तुमचा नुसता जीव चाललाय."

आपल्या खोट्या खटपटीपायी ती आपलीच काळजी करतेय, हे ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"देऊ नकोस. त्यालाही काही सापडायचं नाही."

"कशावरून?"

बोर्डवर कपॅसिटर होता तिथले दोन रिकामे ठिपके त्यांनी दाखवले, आणि त्याचं सगळं सांगितलं. "दोन मिनिटं भरली नव्हती. ती दीडच मिनिट बोलली."

"पिन तर काढावीच लागली असती, बाबा."

"पिनचं नाही गं. हे काढायला नको होतं. ती सांगत होती, जाड चालेल म्हणून. आणि तुला दोन महिने झुलवायला नको होतं."

लेक त्या ठिपक्यांवरून नख फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई बोलत होती तेव्हा तुम्ही घरात होतात?"

"होतो. शेजारी मोरीत मशीनची नळी धूत होतो."

"मग आठवेल तेवढं सांगा."

"म्हणाली, माझा लोकरीचा कोट तू घे. बाही उसवलीय, तेवढी शिव. आणि म्हणाली, बाबांना..."

"बाबांना काय?"

'सांभाळ' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला. तो शोभलाही असता, आणि खरा-खोटा करायला कोणी उरलं नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "नळ मोठा सोडला होता."

लेक उठली. आतल्या कपाटातून कोट घेऊन आली. डावी बाही खांद्यापाशी उसवली होती.

"सुईदोरा कुठे असतो?" तिनं विचारलं.

ते ड्रॉवर उघडत गेले, एकामागून एक. तारा होत्या, स्क्रू होते, सोल्डरची रिळं होती. सुईदोरा बायको कुठे ठेवायची, ते त्यांना माहीत नव्हतं.