सात वेळा केलेला प्रयोग

प्रबंधाची तिसरी तारीखही हुकली तेव्हा सरांनी ठरवलं, आता पुरे. आपल्या या विद्यार्थिनीसाठी त्यांनी विभागप्रमुखांकडे दोनदा शब्द टाकला होता. आज चारला समितीची बैठक होती आणि तिची नोंदणी रद्द करायच्या कागदावर फक्त त्यांची सही राहिली होती.

तीन वाजता ते जिना चढून प्रयोगशाळेत गेले. ती चिमट्याने बिया मोजत बसली होती.

"फोन उचलत नाहीस. तिसरं प्रकरण कुठंय?"

"लिहून झालंय, सर. चार महिने झाले."

सरांचा पारा चढला. "मग मला का झुलवत ठेवलंस? तासाभरात तुझं नाव कमी होणार आहे, कल्पना आहे?"

तिने मान हलवली आणि वह्यांची चळत त्यांच्यापुढे ठेवली. "तुमचा लेप लावलेल्या बिया खाऱ्या पाण्यात जास्त रुजतात, असं तुम्ही मांडलंत. मी सात वेळा करून पाहिलं. लेप असो नसो, आकडा तोच येतो. वाटायचं, माझंच चुकतंय. मग पुन्हा पहिल्यापासून."

त्या लेपावरच सरांचं नाव झालं होतं. चष्मा लावून ते तिची चूक शोधू लागले. पाणी, तापमान, दिवस. कुठे बोट ठेवायला जागा सापडेना.

"दोन्हीकडचं बी एकाच हंगामाचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

सरांनी चष्मा काढला. त्यांनी लेप नव्या बियांना लावला होता. बिनलेपाच्या बिया आदल्या वर्षीच्या, गोदामात उरलेल्या. जुनं बी तसंही कमीच रुजतं. तेव्हा ती बाब किरकोळ वाटली होती.

"आधी का नाही बोललीस?"

तिने चिमटा खाली ठेवला. "मागच्या वर्षी एकाने चर्चासत्रात शंका काढली. तुम्ही त्याला सगळ्यांदेखत सोलून काढलंत. तो नंतर आलाच नाही, सर."

सर वह्या उचलून खाली गेले.

बैठकीत त्यांनी सही केली नाही. सहा महिन्यांची मुदत मागितली. विभागप्रमुख वैतागले. "पुन्हा? कारण काय लिहू?"

"मार्गदर्शकाची चूक," सर म्हणाले. "माझी. कशी झाली ते सांगतो. जरा वेळ लागेल."

विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. सरांनी पहिली वही उघडली.