रेडिओला न चालणारी सून

समोरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले. मधल्या टेबलावर गेलेल्या काकांचा, म्हणजे घरच्यांच्या अण्णांचा, जुना रेडिओ, आणि शेजारी परलोकाशी बोलणारे एक बाबा. रेडिओवर कुणी बाई संथ गात होती. बाबांनी खूण केली तशी काकांच्या सुनेने बोट ट्यूनिंगच्या दांडीला लावलं, आणि गाणं बुडालं. नुसती खरखर. तिच्यातून एक पुरुष घोगरं, तुटक काहीतरी बोलून गेला.

"ओळखलात आवाज?" बाबांनी विचारलं.

काकूंनी, म्हणजे तिच्या सासूने, डोळे मिटून मान डोलावली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

काका या रेडिओसकट खुर्चीवरून कोसळले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून सुनेचा हात लागला की स्टेशन पळायचं; तेही रोज नाही, रेडिओच्या मनात येईल तेव्हा. काकूंच्या किंवा मुलाच्या हाताला मात्र कधीच नाही. मग कुणीतरी बाबांना आणलं. परलोकाच्या लहरी फार हळव्या, पापी हात लागला की त्या रुसतात, असं त्यांचं शास्त्र. रुसलेल्या लहरी पुन्हा नेमक्या त्याच स्टेशनावर कशा येतात, हे कुणी विचारत नव्हतं.

निकाल आधीच झाला होता. सुनेने अंधार पडायच्या आत माहेरी जायचं. तान्ही मुलगी इथेच राहील. आतल्या खोलीत ती पोर रडून रडून दमली होती आणि आईला उठायची परवानगी नव्हती. नवरा भिंतीकडे बघत उभा.

मला काकूंनी साक्षीला बोलावलं होतं. माझे उपास, माझा रोजचा जप सगळ्या गल्लीला ठाऊक. बाबांनी मलाही पुढे बोलावलं. "तुमच्या पुण्याईपुढे लहरी हलायच्या नाहीत, माई," म्हणत त्यांनी जाड फडक्याची घडी माझ्या हातात दिली.

त्या फडक्यापाशी मी अडखळले. काका पडले तेव्हाच ट्यूनिंगचं बटण फुटलं होतं. उरली बारीक लोखंडी दांडी. ती बोटांतून निसटते म्हणून काकू आणि मुलगा ती फडक्यात धरून फिरवायचे; सून नुसत्या बोटांनीच. बाबांनी त्याचाच विधी करून टाकला होता. सुनेला मात्र फडकं नाही. ते अपवित्र होईल म्हणे.

"तिला नाही, तर मलाही नको," मी म्हटलं.

"माई, नियम आहे."

"नियम मीही पाळते, बाबा. त्यात उपाशी मी राहते, दुसऱ्याचं लेकरू नाही."

मी उघड्या बोटांनी दांडी धरली. गाणं बुडालं. खरखर, आणि तोच घोगरा पुरुष. हात न काढता मी दांडी किंचित फिरवली. आवाज स्वच्छ झाला. शेजारच्या स्टेशनावरचा माणूस उद्याचं हवामान सांगत होता.

"मग मीही पापी का?"

काकूंची लेक शाळेत विज्ञान शिकवते. तिला इतका वेळ 'तू गप्प बस' म्हणून दाराशी थोपवून ठेवलं होतं. तिने गाणं पुन्हा लावलं आणि फडकं वहिनीच्या हातात दिलं. वहिनीने दांडी धरली. गाणं हललं नाही.

मग लेकीने रेडिओचं पाठचं झाकण उघडलं. स्टेशन बदलणाऱ्या पात्यांच्या चौकटीची तार सुटून लोंबत होती.

"ही कधी टेकते, कधी सुटते," ती म्हणाली. "सुटली असताना दांडीला उघडा हात लागला की स्टेशन सरकतं. हात कुणाचाही असो. जाड कापडातून तेवढा परिणाम होत नाही. रेडिओ आपटला, आई. अण्णा रुसलेले नाहीत."

तिने तो बाबांपुढे सरकवला. "आता तुम्ही. फडक्याशिवाय."

बाबांनी हात मागे घेतले. या वेळी लहरी क्षीण असतात, असं काहीसं पुटपुटले.

"जेवायला गेल्या असतील," मागून कुणीतरी म्हणालं. हसू पसरेपर्यंत बाबा दाराबाहेर होते.

सून कुणालाही न विचारता आत गेली. थोड्या वेळाने पोरीचं रडणं थांबलं. काकू मात्र रडायला लागल्या. त्या घोगऱ्या आवाजात त्यांना नवरा सापडला होता. आता तो दुसऱ्यांदा गेला. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

मी देव मानते, उद्याही मानीन. पण कुणाचा हात अशुभ आहे असं कुणी सांगितलं, तर तो हात जसा लागला तसाच आधी आपला लावून पाहा. बिघाड यंत्रात शोधा. तो सापडेपर्यंत कुणा आईला लेकरापासून तोडू नका.